अक्कानं न सांगितलेलं नाव

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी लातूरच्या कोर्टाच्या आवारात एका पक्षकारावर ओरडत होतो. त्यानं तारखेला साक्षीदार आणला नव्हता आणि माझा पारा चढला होता. फोन सुरेखाचा, म्हणजे अक्काच्या सुनेचा होता. मी तो कापला. पुन्हा वाजला, पुन्हा कापला. मग ध्यानात आलं, सुरेखा उगाच फोन करणाऱ्यातली नाही. उचलला तर म्हणाली, "मामा, अक्का गेल्या. सकाळी चहा घेऊन टेकल्या, त्या उठल्याच न्हाईत. तुम्ही या. येताना बेल घेऊन या, हितलं झाड वाळून गेलंय." आवाजात रडं नव्हतं. मागं बायकांचा गलका ऐकू येत होता. पक्षकाराला तसाच उभा ठेवून मी गाडीत बसलो. औशाच्या पुढं गेल्यावर आठवलं की बेल घ्यायचा राहिलाच… मग परत फिरलो. त्या दिवशी औशाच्या बाजारात बेल विकणाऱ्या बाईपुढं उभा राहून मी पहिल्यांदा रडलो. त्या बाईनं काही विचारलं नाही, पानं तेवढी मोठमोठी निवडून दिली.

अक्का माझी थोरली बहीण. नाव शकुंतला, पण निलंग्याजवळच्या तिच्या सासरच्या गावात ती सगळ्यांचीच अक्का होती, सूनसुद्धा अक्काच म्हणायची. मला ती तम्मा म्हणायची. आमच्याकडं कर्नाटकाचा वारा लागलेला, धाकट्या भावाला तम्माच म्हणतात. वकिली करून केस पिकले तरी तिच्या तोंडी मी तम्माच. मला हाक मारताना ती नेहमी थोडी वैतागलेली असायची, आणि खरं सांगायचं तर त्याला कारणही होतं. मी तापट माणूस. सकाळी पेपर उघडला की माझं डोकं फिरायला सुरुवात होते आणि रात्री टीव्ही बंद करेपर्यंत ते जागेवर येत नाही.

अक्काबद्दल लिहायचं तर भूकंपापासून सुरुवात करावी लागेल. आमचं माहेरचं गाव किल्लारीच्या शिवाराला लागून. भूकंप झाला तेव्हा मी शिकायला लातुरात होतो आणि अक्का लग्न होऊन सासरी, महेश तिच्या कडेवर. आईवडील गावात होते. जाडजूड दगडमातीच्या भिंती आणि वर माळवदाच्या मातीच्या छताचं ओझं… दोघंही आतच राहिले. मी पोचलो तेव्हा रस्त्यावर जीपगाड्यांची रांग, पुढारी, कॅमेरे, मदतीवरून चाललेली भांडणं. मीही कुणाची तरी गचांडी धरली होती, कशावरून ते आता आठवत नाही. अक्का माझ्या आधी पोचलेली. ती कुठं असेल म्हणून शोधत गेलो तर रस्त्याच्या कडेला बसलेली. ढिगाऱ्यातून निघालेल्या चपला ती गोळा करून आणत होती आणि मातीवर जोडीनं मांडत होती. लहान पोरांच्या, बायकांच्या, गड्यांच्या. मी म्हणालो, "काय करून राहिलीस तू?" वर न बघता म्हणाली, "तोंडं वळखू येईनात तम्मा. चप्पल वळखू येती." आणि खरंच, लोक त्या रांगेपुढून चालत जायचे आणि मध्येच कुणीतरी मटकन खाली बसायचं. आमच्या वडिलांची जोडी तिनं एका टोकाला ठेवली होती. मला दाखवली नाही, मलाच दिसली.

पुढं तिच्या वाट्याला जे आलं त्यातही दगडच होते. लोक या दोन गोष्टी जोडतात, नशीब वगैरे म्हणतात. मला असं जोडायला आवडत नाही. भूकंपाला कुणी माणूस जबाबदार नव्हता. महेशच्या मरणाला होता.

महेश तिचा एकुलता एक. निलंग्याला त्याचं मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. शेतकऱ्यांच्या विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचा, हात चांगला होता त्याचा. चार वर्षांपूर्वी उसाच्या हंगामात एका संध्याकाळी दुकान बंद करून मोटारसायकलवर घरी निघाला. गावाच्या अलीकडं नाल्याजवळ एक चढ आहे. तिथं त्या दुपारी कुणाची तरी उसाची ट्रॉली पंक्चर झालेली होती. भरलेली ट्रॉली चढावर मागं सरकू नये म्हणून चाकाखाली मोठमोठे दगड लावतात. पंक्चर निघालं, ट्रॅक्टर ट्रॉली घेऊन निघून गेला, दगड रस्त्यात तसेच राहिले. आमच्या भागात हे रोजचंच आहे. आणताना चौघं मिळून आणतात, काढायला एकही वाकत नाही. दिवस मावळलेला, समोरून गाडीचा उजेड डोळ्यावर… महेश त्या दगडांवर गेला.

आमच्या लिंगायतांत मेलेल्या माणसाला आडवं नेत नाहीत, बसवून नेतात, बसवूनच माती देतात. दवाखान्यातून फाडून-शिवून आलेलं शरीर बसेना. भिंतीला टेकवलं की एका बाजूला कलायचं. विधी करणारे स्वामी यायला वेळ होता, भजनवाले आले होते, लोक एकमेकांकडं बघत होते. कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, आडवंच राहू द्या आता. तेव्हा अक्का उठली, महेशच्या पाठीमागं भिंतीला टेकून बसली आणि त्याची पाठ तिनं आपल्या छातीशी धरली. स्वामी येऊन कपाळाला विभूती लावेपर्यंत ती तशीच बसून होती. सुरेखा समोर होती, मांडीवर त्यांची लहान लेक गौरी. अक्काकडं बघावं की सुरेखाकडं ते मला कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फाट्यावर रास्ता रोको झाला. गावोगावचे लोक आले. महेशचा फोटो मोबाईलवर सगळीकडं फिरला, खाली नुसता संताप. कारखान्याला शिव्या, रस्तेवाल्यांना शिव्या, सगळ्या ट्रॅक्टरवाल्यांना शिव्या. ऊस घेऊन चाललेला एक ट्रॅक्टर लोकांनी अडवला, दिवे फोडले, ड्रायव्हरला खाली ओढून मारलं. तो कर्नाटकातला, त्याला मराठी धड येत नव्हतं, आपल्याला कशासाठी मारतायत हे त्याला शेवटपर्यंत कळलं नसेल. पोलीस आले, भाषणं झाली, निवेदन दिलं गेलं. अज्ञात वाहनावर गुन्हा दाखल झाला. तो मीच पुढं होऊन दाखल करून घेतला.

तिसऱ्या दिवशी समाधीवर पूजा करून आम्ही परत येत होतो. चढाजवळ अक्का म्हणाली, गाडी थांबीव. मला वाटलं तिला जागा बघायची असेल. ती उतरली आणि मीही उतरलो, आणि मग मला दिसलं. दगड तिथंच होते. पंचनामा झाला होता, फोटो झाले होते, खडूनं त्यांच्याभोवती गोल काढून झाला होता, कुणीतरी त्यांच्यावर फुलंसुद्धा टाकली होती. शेकडो माणसं तिथून आली आणि गेली. एक दगड पायानं जरासा कडेला सरकलेला, बाकीचे जिथल्या तिथं. गाड्या वळसा घालून जात होत्या. अक्कानं पदर खोचला आणि पहिला दगड उचलायला वाकली.

मी ओरडलो, "अक्का, हात लावू नको! तो पुरावा आहे."

तिनं दगड पोटाशी धरून माझ्याकडं बघितलं. "पुरावा हाय म्हणून आनखी कुणाला मारू दिऊ का?"

मला तिचा राग आला. आजही वाटतं की कायद्याच्या दृष्टीनं मी बरोबर होतो. पण ती एकेक दगड उचलून नाल्यात टाकत होती आणि मी हातात गाडीची चावी घेऊन उभा होतो. शेवटचा दगड तिला एकटीला उचलेना. सुरेखा गाडीतून उतरली आणि दोघींनी मिळून तो नाल्यात लोटला.

त्या दिवसापासून अक्काला ती सवयच लागली. रस्त्यात दगड दिसला की वाहन कुठलंही असो, ती थांबवणार, उतरणार, दगड उचलून लांब फेकणार. कडेला ठेवायची नाही, कारण कडेचा दगड दुसरा कुणीतरी परत चाकाखाली घेतो. निलंगा-लातूर एसटीत एकदा मी तिच्यासोबत होतो. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून ती डोळे रस्त्यावर लावून होती, आणि एकदम ओरडली, "थांबीव बाबा!" करकचून ब्रेक लागला. कंडक्टर चिडला. "मावशी, एसटी काय तुमच्या घरची हाय व्हय?" अक्का पायऱ्या उतरता उतरता म्हणाली, "न्हाई ना. म्हनून तर मी उतरून राहिले, तुला न्हाई सांगितलं." गाडीतले लोक हसले, काही वैतागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढं पुढं त्या मार्गावरचे ड्रायव्हर तिला ओळखायला लागले. एक जण तर अक्का गाडीत असली की दगड दिसताच आपणच गाडी हळू करायचा आणि आरशात तिच्याकडं बघायचा.

मला हे सगळं फार किरकोळ वाटायचं. मी तिला फोन करून तासतासभर बोलायचो. रस्त्याचं टेंडर कुणी खाल्लं, पोलीस तपास कसा झोपलाय, माहिती अधिकाराचा अर्ज मी कसा ठोकला, पेपरात पत्र लिहून कशी सालटी काढली. अक्का ऐकून घ्यायची. तिकडून ज्वारी पाखडल्याचा आवाज यायचा. माझं संपलं की विचारायची, "बरं. मग आज काय करून राहिलास?" मी म्हणायचो, हेच की, एवढं सांगतोय ते काय! ती म्हणायची, "ते बोलनं झालं तम्मा." तिनं मला टोमणा कधीच मारला नाही. तिला खरोखरच जाणून घ्यायचं असायचं, आणि याचाच मला जास्त राग यायचा.

मग त्या माणसाची गोष्ट घडली. महेशला जाऊन काही महिने झाले होते. मी गावी गेलो होतो. सुरेखा आत भाकरी करत होती आणि आम्ही ओसरीवर. अक्का अगदी साध्या आवाजात म्हणाली, "तम्मा, तो मानूस आला हुता."

"कोण माणूस?"

"ज्यानं दगड लावले हुते त्यो."

मी ताडकन उठलो. ती सांगत राहिली. पंक्चर काढलं, ऊस वाळून राहिला होता, कारखान्यातल्या रांगेतला नंबर जाईल म्हणून घाई, निघून गेला. महेशचं कळलं तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की दगड आपलेच. इतके दिवस जेवण जात नव्हतं. इथं पायरीवर बसून गेला. गावातलाच आहे, एवढंही ती बोलून गेली. मी म्हणालो, नाव सांग. ती नाही म्हणाली. मी म्हणालो, अक्का, तुझा मुलगा मेलाय. ती म्हणाली, "मला म्हाईत हाय माझा लेक मेलाय ते." मी विचारलं, मग तू त्याला माफ केलंस का? तेव्हा तिनं जे उत्तर दिलं ते मी विसरू शकत नाही. "माफबिफ काय न्हाई. त्याचं तोंड बगितलं की पोटात आग पडती. पर त्यो आता माझ्या कामाचा हाय. तू त्याला आत घालशील, चार दिस लोक टाळ्या वाजवतील, आन् चढावर दगड हायतच."

आतला भाकरीचा आवाज थांबला होता. सुरेखा पिठाच्या हातानंच दारात येऊन उभी राहिली. तिनं विचारलं, "अक्का, कोन हाय? माझा नवरा हुता त्यो. मला तरी सांगा." अक्का तिच्याकडं बघत राहिली, पण नाव काही तिच्या तोंडातून निघालं नाही. दुसऱ्या दिवशी सुरेखा गौरीला घेऊन कंधारला, माहेरी निघून गेली. जाताना म्हणाली, ज्या घरात माझ्या नवऱ्याला मारणाऱ्याला पायरीवर बसायला मिळतं त्या घरात मी राहणार नाही. मला तिचं शंभर टक्के पटलं. मीच तिला एसटीत बसवून दिलं.

अक्का एकटी पडली. नवरा आधीच गेलेला, मुलगा गेला, सून-नात गेली. गावात कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणे हिनं पैसे खाल्ले, कुणी म्हणे हिचं डोकं फिरलंय. नाव सांग, सून परत येईल, असं मी तिला किती वेळा सांगितलं. ती म्हणायची, "येईल तवा येईल." आवाज जड व्हायचा, पण मोडायचा नाही.

ती त्या दिवसांत ठोकळे करायला लागली. बाभळीच्या लाकडाचे, एका बाजूला उतरते, चाकाखाली बसतील असे. प्रत्येकाला भोक पाडून लांब दोर ओवलेला. दोराचं दुसरं टोक ट्रॉलीला पक्कं बांधायचं. मग ट्रॅक्टर निघाला की ठोकळा आपोआप मागं फरफटत येणार, कुणी उचलायला विसरलं तरी रस्त्यात राहणार नाही. बस, एवढीच युक्ती. हंगामाच्या आधी एका रविवारी तिच्या अंगणात गावातली काही माणसं बसायची, कुणी लाकूड कापायचं, कुणी भोकं पाडायचं, कुणी दोर ओवायचं. चहा अक्काचा. ज्याची ट्रॉली त्याच्या दारात ती स्वतः ठोकळा नेऊन द्यायची.

पहिल्या वर्षी काय झालं ते सांगायलाच हवं. ठोकळे दिले दसऱ्याच्या तोंडावर. खंडेनवमीला ट्रॅक्टर धुतले गेले, हार घातले गेले, आणि लोकांनी ठोकळ्यांनाही हळदकुंकू वाहिलं. अक्काच्या हातची वस्तू, महेशच्या नावाची, असं म्हणून ते नेऊन ठेवले देव्हाऱ्याशेजारी! हंगाम सुरू झाला आणि चढावर पुन्हा दगड. अक्का एका घरी गेली तर ठोकळा कोनाड्यात, पुढं उदबत्ती लावलेली. घरधनी हात जोडून म्हणाला, "अक्का, पुजलेली वस्तू चाकाखाली कशी घालावी?" तेव्हा ती भडकलेली मी ऐकलंय. "देव करायला न्हाई दिला रं तुला! चाकाखाली घालायला दिलाय, चाकाखालीच घाल!" दारोदार फिरून तिनं ते सगळे ठोकळे देवघरातून खाली काढायला लावले. एका बहाद्दरानं तर थंडीत चुलीत घातला होता, त्याला दुसरा दिला. दोर कापून गाय बांधली एकानं, त्यालाही नवा दोर. त्या वेळी मला हसू आलं होतं.

या सगळ्यानं काय झालं? रस्ते सुधारले असं मी म्हणणार नाही. अजूनही दगड दिसतात. त्या गावच्या चढावर मात्र कमी दिसतात, इतकंच मी शपथेवर सांगू शकतो.

वर्ष उलटलं असेल नसेल, सुरेखा परत आली. गौरीची शाळा, माहेरी भावजयीशी पटत नसेल, असं काहीबाही मी मनाशी धरलं. दोघी पुन्हा एका घरात नांदू लागल्या. सुरेखानं अंगणवाडीत काम धरलं. मी जायचो तेव्हा दोघी फारसं बोलताना दिसायच्या नाहीत, पण एक उठली की दुसरी तिचं काम पुढं ओढायची. माझ्या मनातून ते नाव जात नव्हतं. गावात गेलो की समोर येईल त्या ट्रॅक्टरवाल्याकडं मी संशयानं बघायचो. नमस्कार केला तरी हात पुढं करायच्या आधी मनात प्रश्न यायचा, हाच असेल का?

अक्काची मूत्रपिंडं खराब झालीत असं यंदा उन्हाळ्यात कळलं. लातूरला डायलिसिससाठी आणायचो. मशीनला लावलेली असताना ती डोळे मिटून पडायची, हात सुजलेले, चेहरा मातीसारखा. शेवटच्या खेपेला मी तिच्याजवळ स्टुलावर बसलो होतो. मला माहीत होतं की आता फार दिवस नाहीत, तिलाही माहीत होतं. मी हळू आवाजात म्हणालो, "अक्का, आता तरी सांग. माझ्यापाशी राहू दे." तिनं डोळे उघडले. माझ्याकडं बघितलं, लहानपणी ताप आला की बघायची तशी. म्हणाली, "तुझ्यापाशी राहनार न्हाई तम्मा. तुझा सोभाव मला म्हाईत हाय." मी उठून बाहेर गेलो. जिन्यात उभा राहिलो. बहीण मरते आहे आणि मी तिच्यावर रागावलोय, हे मला कळत होतं आणि तरी राग आवरत नव्हता. आमचं धड बोलणं म्हणावं असं ते शेवटचंच.

बेल घेऊन मी पोचलो तेव्हा तिला बसवलेलं होतं. ती व्यवस्थित बसली होती, कुणी धरायची गरज नव्हती. कपाळावर विभूती, तळहातावर इष्टलिंग. गाव लोटलं होतं. ज्या बायका तिनं पैसे खाल्ले म्हणायच्या त्याही पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. दुपारी स्मशानात नेलं. खाली खड्ड्यात उतरून माणसाला हातावर घ्यावं लागतं आणि नीट बसवावं लागतं. माझ्यासोबत गावातले तिघे उतरले. अक्कानं आधीच त्यांना सांगून ठेवलं होतं, असं कुणीतरी म्हणालं. तिघेही ठोकळ्यांच्या रविवारी हटकून असणारे, तिघेही ट्रॅक्टरवाले, मी त्यांना तोंडानं ओळखत होतो. वरून तिला सोडलं, आम्ही चौघांनी धरलं. तिचं वजन काहीच राहिलं नव्हतं. एकानं मान सांभाळली, एकानं पाय दुमडून मांडी घालून दिली, एक जण तिच्या पाठीशी विभूती आणि बेल रचत होता. तिथं आत जागा एवढीशी, आमचे खांदे एकमेकांना घासत होते, हात हातात अडकत होते. स्वामींचे मंत्र वरून ऐकू येत होते. काम झाल्यावर मी आधी वर चढलो आणि मग वाकून तिघांना एकेक करून हात देऊन वर ओढलं. मातीनं हात निसटत होते, म्हणून मनगटं घट्ट धरली.

दिवसकार्य आटोपल्यावर सगळे पांगले. सुरेखा आणि मी ओसरीवर बसलो होतो. माझ्या मनात साठलेलं बाहेर आलं. म्हणालो, "अक्का ते नाव घेऊन गेली सुरेखा. तुलाही नाही, मलाही नाही."

सुरेखा तांदूळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "मला म्हाईत हाय, मामा."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ती म्हणाली, "अक्का कंधारला आल्या हुत्या. एकट्या, एसटीनं. माझ्या भावाच्या दारात बसल्या आन् नाव सांगितलं. म्हनल्या, तुझा हक हाय, मी लपवलं ते चुकलं. आता तुला केस करायची तर कर, त्याच्या दारात जाऊन छाती बडव, मी आडवी येनार न्हाई. मी लई दिस इचार केला. मग आले परत."

"आणि तू काय केलंस?"

"काय करू? रोज दिसतो मला त्यो. अंगनवाडीत त्याचा नातू येतो, त्याला खिचडी वाढते मी. पहिल्यांदा वाढताना निम्मी ताटाभाईर सांडली हुती. आताबी कदी कदी सांडती." तिनं सुपातला एक खडा वेचून अंगणात फेकला. "राग गेला न्हाई, मामा. कुनी म्हनलं राग जातो तर खोटं हाय."

मी विचारलं, कोण? तिनं मान हलवली. तुम्ही केस कराल, म्हणाली. मी म्हणालो, करीनच. "म्हनून," ती म्हणाली. मला इतका संताप आला की मी उठून उभा राहिलो. आमच्या घरचा मुलगा गेला, बहीण गेली, आणि या दोन बायकांनी मिळून मला दाराबाहेर ठेवलं. मी तोडून बोललो, "मातीला तरी आला होता का तो भला माणूस?"

सुरेखानं सूप खाली ठेवलं. बोलावं की नाही असं तिच्या चेहऱ्यावर होतं. मग म्हणाली, "तुमच्यासंगं खड्ड्यात उतरला हुता, मामा."

त्याला आता काही आठवडे झाले. तीन माणसं. वकिलाला एवढं पुष्कळ असतं. त्या दिवशी ट्रॉली घेऊन कारखान्याला कोण गेलं होतं, पंक्चर कुणी काढलं, एका संध्याकाळचं काम आहे. मी तीन वेळा फोन हातात घेतला आणि तीनही वेळा ठेवून दिला. का ठेवला, ते मला नीट सांगता येत नाही. मला अक्काचं सगळं पटलेलं नाही. तिनं त्या माणसाला शिक्षेतून सोडवलं असंही मला वाटतं आणि त्याला जन्माची शिक्षा दिली असंही वाटतं. झोप लागत नाही. डोळे मिटले की मातीनं भरलेली तीन मनगटं माझ्या मुठीत येतात आणि मी सोडूही शकत नाही, दाबूही शकत नाही.

गेल्या रविवारी हंगामाच्या आधीचं ठोकळ्यांचं काम होतं. सुरेखानं बोलावलं नव्हतं, पण मी गेलो. अंगणात लाकडं येऊन पडली होती. अक्काच्या जागी चहाला सुरेखा. ते तिघे आले, मला बघून जरा दचकल्यासारखे झाले, मग बसले. मला दुसरं काही येत नाही म्हणून दोर ओवायचं काम माझ्याकडं आलं. ते तिघं भोक पाडलेले ठोकळे एकेक करून माझ्यापुढं धरायचे, मी दोर ओवून गाठ मारायचो. पहिला ठोकळा समोर आला तेव्हा मी तो धरलेल्या हाताकडं बघितलं. मग वर तोंडाकडं बघितलं. तो खाली बघत होता. दुसराही खालीच बघत होता, तिसराही. कुणाचा घ्यावा आणि कुणाचा नाही, ते मला ठरवता येईना… ऊन कलेपर्यंत मी तिघांच्याही हातचे घेत राहिलो आणि गाठी मारत राहिलो.